विजेच्या शेगडीवर घरातली कुठली भांडी चालतील?

टाचणी
नमस्कार मंडळी. आजवर सगळा स्वयंपाक गॅसवर केला. आता नव्या घरात ओट्यातच बसवलेली काचेची विजेची शेगडी आहे. चार वर्तुळं आहेत, त्यातली दोन इंडक्शनची आणि दोन नुसती लाल होणारी. घरातली भांडी अशी: स्टीलची दोन पातेली (एक जाड बुडाचं, एक पातळ), गोल बुडाची अ‍ॅल्युमिनियमची कढई, बिडाचा तवा, दोन नॉनस्टिक पॅन, प्रेशर कुकर, काचेचं एक भांडं आणि आईचं तांब्याचं कल्हई केलेलं पातेलं.

पहिल्याच दिवशी कढई इंडक्शनवर ठेवली, तर शेगडी नुसतीच टुक टुक करत राहिली. म्हणून ती शेजारच्या लाल वर्तुळावर सरकवली. नंतर पाहिलं तर काचेवर बोटभर लांबीचा राखाडी ओरखडा! पुसला तरी जात नाही. तेव्हापासून काहीही ठेवायचं म्हटलं की हात थबकतो. यातलं काय कुठे चालेल, आणि मुख्य म्हणजे धोक्याचं काय आहे? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज.

गुलबक्षी
टाचणी, आधी एक चुंबक आणा. फ्रीजवर लावतो तोसुद्धा चालेल. भांडं उलटं करून बुडाला लावा. घट्ट चिकटला तर इंडक्शनवर चालेल, नाही चिकटला तर नाही. निम्मी यादी तिथेच निकालात निघेल.

तारायंत्र
गुलबक्षीताईंना अनुमोदन. मी विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून थोडं कारणासकट लिहितो.

तुमच्या काचेखाली दोन वेगळ्या शेगड्या आहेत असं समजा. लाल होणाऱ्या वर्तुळाखाली तापणारी तार आहे. ती तापते, काच तापते आणि काचेला टेकलेलं भांडं तापतं. तिथे भांडं कुठल्या धातूचं आहे यापेक्षा त्याचं बूड काचेला किती टेकतं हे महत्त्वाचं.

इंडक्शनमध्ये तार तापवायची नसते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज जाते. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरू लागतात आणि बूड आतूनच तापतं. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत हे प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात कोंबले जातात, विरोध वाढतो आणि भरपूर उष्णता निघते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकीय नाहीत आणि त्यांचा विरोधही कमी. त्यामुळे शेगडी त्यांना भांडं म्हणून ओळखतच नाही. तुमची कढई ठेवल्यावर झालेली टुकटुक त्याचीच.

स्टीलचं मात्र सरसकट सांगता येत नाही. ज्या स्टीलवर १८/८ किंवा १८/१० लिहिलेलं असतं त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ किंवा १० टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याला चुंबक जवळपास धरत नाही. १८/० मध्ये निकेल नसतं, त्याला धरतो. चांगल्या भांड्यात आतून निकेलवालं स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि खाली चुंबकीय स्टील असे थर असतात. म्हणून चुंबक बाजूला न लावता बुडालाच लावायचा. बुडावर वेटोळ्याचं चिन्ह असेल तर ते इंडक्शनसाठीच केलेलं भांडं.

कवडसा
चुंबक चिकटतो एवढ्यावर भागत नाही हे मी अनुभवाने शिकले. माझ्या एका पॅनला चुंबक चिकटायचा, पण हलक्या हाताने निसटायचा. पॅन चांगला रुंद होता, तरी कडेचं सगळं कच्चं आणि मधलं करपलेलं. शेवटी एकदा त्यात बोटभर पाणी घेऊन आच मोठी केली आणि वाकून बघत बसले. बुडबुडे आले ते नेमके बशीएवढ्या गोलात. त्याच्या बाहेर पाणी शांत. पॅन उलटा केला तेव्हा कळलं, अ‍ॅल्युमिनियमच्या बुडात भोकाभोकांची स्टीलची चकती दाबून बसवली होती आणि ती बुडाच्या निम्म्याच भागात होती.

तेव्हापासून कोणतंही नवं भांडं आलं की पहिली पाण्याची परीक्षा. बुडबुड्यांचं वर्तुळ जेवढं, तेवढंच त्या भांड्याचं खरं बूड.

रातकिडा
एवढा खटाटोप कशाला? इंडक्शनवर ठेवायची लोखंडी तबकडी मिळते, ती मध्ये ठेवा आणि वर कुठलंही भांडं चढवा. मी वर्षभर वापरतोय, काही झालं नाही.

तारायंत्र
रातकिडा, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तबकडी ठेवली की तापते ती तबकडी. तिची उष्णता वरच्या भांड्यात जाते तशी खाली काचेतही उतरते. वरचं भांडं नीट टेकलेलं नसेल तर तबकडी भलतीच तापते. मग काचेखालचा तापमापक शेगडी बंद पाडतो, किंवा तो वेळेत जागा झाला नाही तर आतल्या भागांना झळ बसते. दुरुस्तीला आलेल्या शेगड्यांत तबकडीच्या मापाचा तपकिरी डाग पडलेली काच मी पाहिली आहे. शिवाय शेगडी बंद केल्यावरही तबकडी बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते. वापरायचीच तर मंद आचेवर, थोडा वेळ आणि वर सपाट बुडाचं भांडं ठेवून.

रातकिडा
डागाचं वाचून आत्ता जाऊन पाहिलं. पुसट तपकिरी कडं आहे खरं. मी ते तेलाचं समजत होतो. आता घासून बघतो. जातं की नाही ते लिहीन.

आडवाट
टाचणी, तुमचा ओरखडा बहुधा ओरखडा नाहीच. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर त्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ती काचेला लागलेली अ‍ॅल्युमिनियमची रेघ आहे. मऊ धातू गरम काचेवरून घासला की पेन्सिलीसारखा उमटतो. तांब्याचंही तसंच. काचेच्या शेगडीसाठी मिळणारी क्रीम लावून मऊ फडक्याने गोल गोल चोळा, दोन-तीन वेळा करावं लागेल. तारेची घासणी अजिबात नको. आणि भांडं सरकवायचं नाही, उचलूनच ठेवायचं. बुडाखाली मिठाचा एक खडा अडकला तरी रेघ पडते, आणि ती मग खरीखुरी ओरखड्याची.

संथआच
धोक्याचं विचारलंय म्हणून नॉनस्टिकबद्दल लिहिते. माझ्या मते या यादीत सगळ्यात जपायची गोष्ट हीच आहे.

गॅसवर रिकामा पॅन ठेवून आपण दुसरं काहीतरी करायला वळायचो. ती सवय इथे सोडावीच लागेल. इंडक्शनवर मोठ्या आचेला पातळ रिकामा पॅन एक-दोन मिनिटांत कुठच्या कुठे तापतो, आणि ज्वाळाही दिसत नाही, आवाजही नाही. नॉनस्टिकचा नेहमीचा थर, म्हणजे पीटीएफई, साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक असतो. त्याच्या वर तो बिघडू लागतो, आणि ३५० अंशांच्या आसपास त्यातून निघणाऱ्या वाफा माणसाला तापासारखं आजारपण आणू शकतात. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, त्यांच्या तर जिवावरच बेततं.

आमच्याकडे पक्षी होता, म्हणून हे मला आधीपासून माहीत होतं. तरीही एकदा फोन आला आणि मी पॅन चालू ठेवून बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा पॅनमधून धूर नव्हता, फक्त घशाला खवखवणारा एक वास होता. शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि पिंजरा उचलून गच्चीत नेला. पक्षी वाचला. तो पॅन मी त्याच दिवशी टाकला. तेव्हापासून क्रम ठरला आहे: आधी पॅनमध्ये तेल किंवा पदार्थ, मग शेगडी चालू, आणि आच मध्यमच्या वर नाही.

बुडबुडा
संथआच, वाचताना छातीत धस्स झालं. पिंजरा आधी उचललात, फार बरं केलंत.

कोपरा
बिडाच्या तव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. मी सांगतो, काचेवर बीड नकोच. जड आणि खरखरीत. हातातून एकदा निसटला की काच गेली.

गुलबक्षी
कोपरा, मी बिडाचाच तवा वापरते आणि इंडक्शनवर त्याच्याइतकं सुखाचं भांडं नाही. चुंबक तर असा बसतो की ओढून काढावा लागतो. फक्त त्याचं बूड पहिल्यांदा तपासलं. ओतकामाचा एक बारीक उंचवटा होता, तो पॉलिश पेपरने घासून घेतला. दोन्ही हातांनी उचलते, अलगद टेकवते. आणि सुरुवातीला पाच-सात मिनिटं मंद आच. बिडात उष्णता सावकाश पसरते. मध्यावर एकदम मोठी आच दिली तर मधला भाग फुगू बघतो, कडा थंडच राहतात आणि तडा जाऊ शकतो.

तारायंत्र
दोघांचंही बरोबर आहे. ही काच तापमानाच्या फरकाला कमालीची दाद देत नाही, कारण तापल्यावर ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही. पण टोकदार मार तिला सोसत नाही. सपाट तवा अलगद ठेवला तर ती कितीतरी वजन पेलेल. तोच कडेवर आदळला तर एका बिंदूवर सगळा भार येतो. मसाल्याच्या बरण्या ठेवायचं फडताळ शेगडीच्या बरोबर वर असेल तर आधी तेच हलवा. मी बदललेल्या काचांपैकी बऱ्याच वरून काहीतरी पडून फुटलेल्या होत्या.

काचेला केसाएवढा तडा दिसला तरी वापर बंद. आधी मेन स्विच बंद करायचा, नुसतं शेगडीचं बटण नाही. तड्यातून पाणी झिरपून आतल्या विजेच्या भागांपर्यंत पोचतं.

आडवाट
अवांतर: या काचेची जन्मकथा मोठी छान आहे. १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी एका काचेचा नमुना ६०० अंशांना तापवत होते. भट्टी बिघडली आणि तापमान ९०० च्या पुढे गेलं. काच वितळून भट्टीची नासाडी झाली असणार असं त्यांना वाटलं, पण आत पांढरी, घट्ट वस्तू मिळाली. चिमट्यातून ती जमिनीवर पडली आणि फुटली नाही! काच-सिरॅमिक नावाचा हा पदार्थ असा हाती लागला. अवांतराबद्दल क्षमस्व.

बुडबुडा
असं अवांतर रोज लिहा. आता भांडं ठेवताना त्या भट्टीची आठवण येईल.

कवडसा
साखरेचं कोणी सांगितलं का? सांडलेलं बाकी सगळं शेगडी थंड झाल्यावर पुसायचं, साखर मात्र लगेच. माझ्याकडून पाक उतू गेला. गरम आहे, नंतर काढू म्हणून तसाच ठेवला. थंड झाल्यावर ढलपी निघाली ती काचेचा नखाएवढा कपचा घेऊनच. वितळलेली साखर काचेला घट्ट धरते, थंड होताना आकसते आणि काच काही आकसत नाही. मग वरचा पापुद्रा ओढला जातो. वर्तुळ बंद करायचं, भांडं बाजूला करायचं, हातात जाड मोजा घालायचा आणि काचेसाठीच्या पात्याच्या खरवडणीने पाक गरम असतानाच थंड भागाकडे ओढून घ्यायचा. वितळलेल्या प्लास्टिकचंही हेच.

भिंगरी
माझ्याकडे काच नाही, उघड्या कॉइलची शेगडी आहे. तिच्याबद्दल दोन शब्द. कॉइलपेक्षा फार मोठं भांडं ठेवलं तर उष्णता खाली अडकून राहते. बूड कॉइलच्या बाहेर दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. उलट भांडं फार लहान असलं तर उघडी लाल कॉइल बाजूला राहते, त्यात बाही किंवा फडक्याचं टोक जायची भीती. आणि बटण बंद केलं म्हणजे आच बंद झाली असं नाही. दूध वर यायला लागलं की बटणाकडे नाही, भांड्याकडे हात न्यायचा. उचलून बाजूला.

टाचणी
भिंगरी, हे माझ्या लाल वर्तुळांनाही लागू असेल ना? कुकरचं मग काय करायचं?

भिंगरी
हो, तंतोतंत. कुकर झाला की सांडशीने वगैरे ओढायचा नाही. दोन्ही कानांना धरून उचलायचा आणि थंड वर्तुळावर किंवा लाकडी पाटावर ठेवायचा. काच बराच वेळ तापलेली असते. लाल अक्षर किंवा दिवा लुकलुकतोय तोवर तिथे हात, फडकं, काचेचं झाकण काहीच नको.

कोपरा
इंडक्शनची काच तर थंडच राहते म्हणतात.

तारायंत्र
नाही हो, हा गैरसमज फार पसरला आहे. काच स्वतःहून तापत नाही, पण वरचं तापलेलं भांडं तिला तापवतं. तेल दोनशे अंशांना असेल तर त्याखालची काचही चटका देणारच.

तेलाचाच विषय निघालाय तर नीट ऐका. इंडक्शनचा तापमापक काचेखाली मध्यभागी असतो. भांड्याचं बूड मध्यावर वर उचललेलं असेल तर मध्ये हवा राहते. तापमापकाला वाटतं अजून तापलेलं नाही, आणि वर तेल कधीच धुरावर आलेलं असतं. म्हणून तळणीला बूड सपाट असलेलं, जाड भांडंच हवं. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, भांडं उचलून पळायचंही नाही. शेगडी बंद, वर झाकण सरकवायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही. झाकण हाताशी ठेवूनच तळायला घ्यायचं.

सपाटपणा तपासायला पोलादी पट्टी बुडावर आडवी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. थंड असताना मध्ये केसभर उजेड दिसला तर चालेल, तापल्यावर बूड खाली येतं. बूड बाहेर फुगलेलं असेल आणि भांडं काचेवर गरगरत असेल तर ते बाद.

गुलबक्षी
आणि गरम पॅन नळाखाली धरायची सवय असेल तर तीही सोडा. बूड वाकतं ते तसंच. चुर्र असा आवाज कितीही छान वाटला तरी!

संथआच
टाचणी, तुमच्या आईच्या पातेल्याचं राहिलंच. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं किंवा नुसत्या तेलाचं भांडं तापलं की कल्हई वितळून ओघळ येतात. इंडक्शनवर ते चालणारच नाही. लाल वर्तुळावर आत पाणी किंवा दूध असेल आणि आच मंद असेल तर चालेल, पण तांब्याच्या खुणा काचेवर उमटतील.

काचेच्या भांड्याचं म्हणाल तर बुडावर किंवा सोबतच्या कागदावर शेगडीवर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते ठेवू नका. ओव्हनमध्ये चालतं म्हणून शेगडीवर चालेल असं नसतं. ओव्हनमध्ये सगळीकडून ऊब लागते, इथे फक्त खालून.

भिंगरी
घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू इंडक्शनपासून साधारण ६० सेंटीमीटर दूर राहावं असं सांगतात. डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. आणि चमचे, सुरी, फॉइलचा कागद काचेवर पडू देऊ नका. फॉइल तर तापून वितळते.

रातकिडा
अपडेट: क्रीमने अर्धा तास घासलं, कडं फिकट झालं पण गेलं नाही. तबकडी कपाटात ठेवून दिली आहे. तारायंत्र, धन्यवाद. आता सपाट बुडाची कढई बघतोय. किती मोठी घ्यावी?

तारायंत्र
आपल्या शेगडीवरच्या वर्तुळाला बुडाचं माप जुळवा, वरच्या तोंडाचं नाही. कढई विकताना माप तोंडाचं सांगतात. बूड अगदी लहान असेल, साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा कमी, तर बऱ्याच शेगड्या ती ओळखत नाहीत.

टाचणी
मंडळी, खूप आभार. काल रात्री सगळी भांडी जमिनीवर उलटी मांडली आणि चुंबक, पट्टी, टॉर्च घेऊन बसले.

ओरखड्यावर नख अडकलं नाही. आडवाट म्हणाले तसं क्रीमने तिसऱ्यांदा चोळल्यावर गेला! जाड बुडाच्या पातेल्याला चुंबक खटकन बसला, पाण्याची परीक्षाही पास. पातळ पातेल्याला धरलाच नाही, ते आता डाळ-तांदूळ धुवायला. बिडाचा तवा इंडक्शनवर, मंद आचेपासून. एका नॉनस्टिकचा थर मध्ये उडालेला होता, तो काढला. दुसरा लाल वर्तुळावर आणि कधीही रिकामा नाही. गोल कढई आणि काचेचं भांडं बाद. आईचं पातेलं घासून फडताळात वर ठेवलं. ते शेगडीवर चढवायचा धीर होत नाही.

एक प्रश्न उरला. कुकरच्या बुडाला चुंबक चांगला चिकटतो, वेटोळ्याचं चिन्हही आहे. पण पट्टी ठेवली तर ती मध्यावर टेकून दोन्ही बाजूंनी डुलते. काचेवर ठेवून बोटाने ढकललं तर अर्धा वळसा फिरतो. पूर्वी एकदा पाणी आटून तो कोरडा पडला होता. गॅसवर हे कधी जाणवलंच नाही. चालवू का?

तारायंत्र
नको, टाचणी. काचेवर तर नकोच, आणि गॅसवरही नको. कोरडा तापून बूड फुगलं म्हणजे धातूने एकदा ताण सोसलेला आहे, आणि कुकरमध्ये दाब असतो. शिटी, रिंग बदलून हे दुरुस्त होत नाही.

टाचणी
बरं. झाकण, शिटी, रिंग सगळं वेगळं करून बांधून ठेवलं, म्हणजे कोणी चुकून वापरायला नको. उद्या भंगारात देते.